चिंचोके, शिंपले आणि शिक्षिका : नूतन बालशिक्षण संघाची शंभर वर्षे

१९२६ साली दोन मराठी माणसे महाराष्ट्राबाहेर शिक्षणसंस्था उभ्या करण्यात गुंतली होती. वाळकेश्वरचे विष्णु नारायण भातखंडे लखनौत मॅरिस कॉलेजच्या रूपाने संगीतशिक्षणाला शिस्त लावत होते. तिकडे काठेवाडात, भावनगरला, ताराबाई मोडक गिजुभाई बधेकांच्या जोडीने नूतन बालशिक्षण संघ स्थापन करत होत्या. भातखंड्यांच्या कॉलेजचे पुढे विद्यापीठ झाले. संघाची वाट उलटी गेली. तो मुंबईसारखे शहर मागे ठेवून खेड्यात आला, खेड्यातून टेकडीवर चढला आणि तिथून गुरांमागे कुरणात गेला.

संघाचा इतिहास सांगायचा म्हटले की ताराबाई आणि अनुताई वाघ यांची चरित्रे सांगितली जातात. ते साहजिकच आहे, कारण दोघीही तशाच मोठ्या होत्या. पण या चरित्रांच्या झगमगाटात एक पात्र नेहमी कडेला राहते. ती म्हणजे बालवाडीची शिक्षिका. कुठल्या ना कुठल्या गावातून आलेली ही बाई वर्षभर शिकून परत जाई आणि तीन ते सहा वर्षांच्या वीस-पंचवीस पोरांपुढे उभी राही. संघाने शंभर वर्षांत जे काही कमावले ते तिच्या हातांत आहे. पाणी, माती, बिया, सावली, किडे यांच्याशी मुलांची गाठ घालून देणारी शिक्षिका कशी घडते, हा प्रश्न संघाने आपल्याकडे फार आधी हाती घेतला. म्हणून हा इतिहास तिच्या अंगाने सांगणे योग्य होईल.

गिजुभाई मूळचे वकील. नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत ते १९१६ साली आले आणि १९२० मध्ये त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केले. आधार होता मारिया माँटेसोरींच्या विचारांचा. माँटेसोरी पेशाने डॉक्टर होत्या. रोममध्ये वैद्यकीची पदवी घेऊन त्यांनी १९०७ मध्ये तिथल्या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले होते. डॉक्टर जसा औषध देण्याआधी रोग्याला न्याहाळतो, तसे शिक्षिकेने शिकवण्याआधी मुलाला न्याहाळावे, हा त्यांचा आग्रह. शिक्षिकेने आधी पाहायला शिकले पाहिजे, ही शिस्त आपल्या बालशिक्षणात आली ती या वाटेने.

ताराबाई १९१४ च्या पदवीधर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थनासमाजातले, त्यामुळे घरचे वारे मोकळे. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदी त्या होत्या. पगार आणि मान दोन्ही चांगले होते. ते सोडून त्या १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाईंकडे आल्या. मुलांना शिकवणाऱ्यांना शिकवण्याचे काम त्या आधीपासून करत होत्या, त्यामुळे भावनगरच्या अध्यापनमंदिराला आयती आणि तयारीची व्यक्ती मिळाली. पुढच्या काही वर्षांत माँटेसोरी संमेलने झाली, शिक्षणपत्रिका निघाली, पालकांशी संवाद सुरू झाला. या साऱ्या कामाला एक छत्र हवे होते, तो हा संघ.

त्या काळच्या प्रशिक्षणाचा बराच वेळ साधने हाताळण्यात जाई. गुलाबी मनोऱ्याचेच घ्या. दहा घन ठोकळे, सर्वांत लहानाची कड एक सेंटीमीटर, सर्वांत मोठ्याची दहा. कड दहापट, पण घनफळ हजारपट! मूल हे गणित करत नाही. ते मोठा ठोकळा दोन्ही हातांनी उचलते, धाकटा चिमटीत धरते, आणि फरक त्याच्या मनगटाला कळतो. शिकाऊ शिक्षिकेला हे पुस्तकात वाचून चालत नसे. तिला स्वतः जमिनीवर बसून, न बोलता, सावकाश मनोरा रचून दाखवावा लागे. न बोलता दाखवणे हा या शिक्षणाचा सर्वांत अवघड भाग. मोठ्या माणसाची जीभ आवरत नाही, आणि शिक्षकाची तर मुळीच नाही.

१९३६ मध्ये ताराबाईंच्या पुढाकाराने मुंबईत दादरला शिशुविहार उभे राहिले. मराठी मध्यमवर्गाला बालवाडी नावाची गोष्ट ठाऊक झाली, तिथे शिक्षिका तयार होऊ लागल्या, मराठी शिक्षणपत्रिका घरोघर वाचली जाऊ लागली. तीन वर्षांनी गिजुभाई गेले. कामाचा सगळा भार ताराबाईंवर आला आणि त्यांनी तो पेलला. पण दादरची मुले म्हणजे नोकरदारांची मुले. त्यांच्या घरी पुस्तके होती, नळाला पाणी होते.

गांधीजींनी १९३१ मध्ये लंडनला माँटेसोरींच्या प्रशिक्षण केंद्राला भेट दिली होती, आणि ही पद्धत हिंदुस्थानातल्या गरीब खेड्यांत कशी न्यायची हा प्रश्न तेव्हापासून हवेत होता. परदेशी मापाची, पॉलिश केलेली लाकडी पेटी कुठल्या गावाला परवडणार? ताराबाई गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणयोजनेतल्या पूर्व-बुनियादी, म्हणजे शाळेआधीच्या शिक्षणाच्या विचारात सहभागी होत्या. व्यासपीठावरून उत्तर देणे सोपे होते. त्यांनी १९४५ मध्ये मुक्कामच हलवला.

बोर्डी. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. घोलवड स्टेशनला उतरायचे. चिकूच्या वाड्या, सुरूची झाडे आणि ओहोटीला लांबवर मागे जाणारा समुद्र. इथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. त्याच साली मे महिन्यात डहाणू-तलासरीच्या भागात वारल्यांचा लढा पेटला होता. वेठबिगारीला त्यांनी नकार दिला होता. त्या भूमीत 'मुलांना फुलू द्या' म्हणणाऱ्या बायका येऊन राहिल्या, हा योगायोग असला तरी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

अनुताई याच वर्षी कामात आल्या. जन्म १९१०, पुणे जिल्ह्यातले मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांच्या आत वैधव्य. शिकून त्या शिक्षिका झाल्या, नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडच्या बाजूला प्राथमिक शाळेत शिकवले, मग पुण्यात हुजूरपागेत. दिवसा शिकवायचे आणि रात्रशाळेत शिकायचे, अशा रीतीने मॅट्रिक झाल्या. बोरिवलीच्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात ताराबाईंची गाठ पडली आणि त्या बोर्डीला निघाल्या. पन्नास मुलींना शिस्तीत बसवण्याची सवय असलेल्या या बाईला आता एकेका मुलाच्या कलाने घ्यायला शिकायचे होते. संघाच्या प्रशिक्षणाची पहिली कसोटी म्हणजे अनुताई स्वतःच, असे म्हटले तर चुकणार नाही.

बोर्डीत पहिला धडा मुलांनीच दिला. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुले येईनात. दूर होते, लाज होती, गावाची नजर होती. ताराबाईंनी शाळा त्यांच्या अंगणात नेली. तिथेच आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे; तिथेच गाणी आणि खेळ. हीच अंगणवाडी. जे नाव पुढे सबंध देशाच्या तोंडी बसले, ते या अंगणांतून निघाले.

अंगणात गुलाबी मनोरा नव्हता. मग काय होते? शंख, शिंपले, चिंचोके, सागरगोटे, गुंजा, पाने, गवत, बांबूच्या कांड्या, वाळू. साधनांच्या पेटीचा मूळ हेतू लक्षात घेतला तर ही तडजोड नव्हती. लहानमोठे लावायचे तर शिंपले आहेत. खरखरीत-गुळगुळीत ओळखायचे तर झाडांच्या साली आहेत. वास ओळखायचा तर गवती चहा आणि तुळस परसात आहे. आवाज ओळखायचा तर बंद करवंटीत वाळू आणि खडे घालून हलवता येतात. खर्च शून्य. मात्र शिक्षिकेवरची जबाबदारी दुप्पट झाली, कारण विकतच्या पेटीत क्रम आधीच लावलेला असतो आणि टोपलीभर शिंपल्यांत तो तिला शोधावा लागतो.

इथे विज्ञान येते. 'बालवाडीत कसले विज्ञान' असे म्हणणारे अजूनही आहेत, म्हणून एक पाठ जरा जवळून पाहू. बोर्डीसारख्या किनारपट्टीच्या गावात तो कुठल्याही अंगणात घेता येतो.

तोंडापर्यंत भरलेली बादली. मुलांनी गोळा करून आणलेल्या वस्तू: चिंचोका, वाळकी काटकी, खडा, डब्याचे पत्र्याचे झाकण आणि एक न सोललेला नारळ. बाई विचारतात, काय बुडेल? मुले ठामपणे सांगतात, जड असते ते बुडते. चिंचोका टाकला, बुडाला. म्हणजे तो जड? हातात तर हलका लागत होता. नारळ एका पोराने दोन हातांनी उचलून धपकन सोडला. पाणी सगळ्यांच्या अंगावर उडाले आणि नारळ वर तरंगत राहिला. आता गलका. झाकण आडवे, अलगद ठेवले तर तरंगते. उभे सोडले तर तळाला. तेच झाकण, तेच पाणी!

याच क्षणी शिक्षिकेची परीक्षा असते. प्रशिक्षण न घेतलेली बाई इथे समजावून सांगू लागते, घनता वगैरे शब्द काढते आणि मुले बादलीपासून उठून जातात. प्रशिक्षित शिक्षिका गप्प राहते, आणि मग एवढेच म्हणते, 'आणखी काय टाकून पाहू या?' चार वर्षांच्या मुलाला घनता कळायची गरज नाही. आपण आधी एक सांगितले होते आणि झाले दुसरेच, हे त्याला कळले, म्हणजे त्या दिवसाचे विज्ञान झाले. पण हे गप्प राहणे अज्ञानातून आलेले असून भागत नाही. नारळाच्या सोडणात हवा धरलेली असते, झाकणाची कड पाण्याच्या वर राहिली तर झाकण पाणी बाजूला सारून तरंगते, हे तिला स्वतःला ठाऊक हवे, आणि तिने ते आधी आपल्या हाताने करून पाहिलेले हवे. जी बाई बादलीत कधी हात घालत नाही ती मुलांनाही घालू देत नाही. पाणी सांडेल, कपडे भिजतील, पालक ओरडतील, ही कारणे तिच्याकडे तयार असतात.

वालाच्या बियांचेही तसेच. काचेच्या पेल्यात ओला कागद लावून, काच आणि कागद यांच्यामध्ये वाल ठेवायचे: एक उभा, एक आडवा, एक उलटा. चार-सहा दिवसांत मोड येतात आणि बी कसेही ठेवले तरी मूळ वळून खालीच जाते. कडव्या वालाची उसळ खाणाऱ्या घरातल्या मुलाला मोड नवे नसतात, पण हे वळणे त्याने कधी पाहिलेले नसते. शिकाऊ शिक्षिकेनेही बहुधा नसते.

१९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. शेजारी गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषिसंस्था, आजूबाजूला वारली पाडे. बोर्डीत निदान गाव होते; इथे पाडे डोंगरभर विखुरलेले आणि मुले कामावर. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन फिरते, म्हणून तिला शाळेत येता येत नाही. तेव्हा शाळेला लागून पाळणाघर हवे. पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा हे सारे एकाच आवारात आणणारी विकासवाडी या निकडीतून जन्मली. आणि जी मुले गुरे राखायला जातात त्यांच्यासाठी कुरणशाळा: गुरे चरतात, मुले झाडाखाली बसतात, बाई पिशवी घेऊन तिथे जातात.

कुरणशाळेत शिक्षिकेची आणखी एक अडचण उघडी पडते. शहरातून शिकून आलेल्या बाईपेक्षा तिथल्या सात वर्षांच्या गुराख्याला झाडे जास्त ठाऊक असतात. कोणता पाला गाय खात नाही, खेकडा कुठल्या दगडाखाली असतो, पाऊस येण्याआधी मुंग्या काय करतात, हे त्याला सांगावे लागत नाही. बाईंनी अशा वेळी काय करायचे? आपण कमी पडतो म्हणून फळ्याकडे वळायचे, की त्यालाच विचारायचे? कोसबाडने दुसरा रस्ता धरला. मुलाला जे माहीत आहे ते मोजायला, क्रमाने लावायला आणि सांगायला मदत करायची, हे बाईंचे काम. देशी बालशिक्षणात संघाची याहून मोठी भर दाखवता येणार नाही.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. अनुताईंनी पुढे जवळजवळ दोन दशके टेकडी सांभाळली. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९९२ मध्ये त्याही गेल्या. दरम्यान १९८२ मध्ये रमेश पानसे आणि अनुताई यांनी ग्राममंगल सुरू केली आणि डहाणू तालुक्यात ऐने येथे पुढची पिढी कामाला लागली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाडी सरकारी झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या अंगणांतल्या प्रयोगाला याहून मोठी पावती कोणती? पण पावती नीट वाचली तर एक रक्कम कमी दिसते. सरकारने अंगण घेतले, आहार घेतला, लसीकरण जोडले. शिक्षिकेचे दीर्घ प्रशिक्षण मात्र मागेच राहिले. अंगणवाडी सेविकेचे मुख्य प्रशिक्षण पुढे २६ दिवसांवर आले, आणि त्यातही पोषण, आरोग्य, नोंदी यांचा वाटा मोठा. २०२३ मध्ये केंद्राची 'पोषण भी पढाई भी' ही योजना आली तेव्हा सेविकांसाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण ठरले. तीन दिवसांत बादली भरून ठेवता येते. गप्प राहायला शिकता येत नाही.

हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नाही. लखनौत कैसरबागेतले भातखंड्यांचे विद्यापीठ मागे टाकून गोमती ओलांडली की निशातगंज लागते. तिथल्या विद्या भवनात उत्तर प्रदेशच्या समग्र शिक्षा अभियानाचे राज्य कार्यालय आहे, आणि निशातगंजातच राज्य शैक्षिक अनुसंधान एवं प्रशिक्षण परिषद आहे. नव्या शिक्षण धोरणानंतर त्या राज्यातल्या अंगणवाड्यांना आणि बालवाटिकांना काय शिकवायचे, कसे शिकवायचे याची आखणी अशा कचेऱ्यांतून होते. इतक्या मोठ्या राज्याला प्रशिक्षण पोचवायचे तर एकच वाट उरते: राज्याने मुख्य प्रशिक्षकांना शिकवायचे, त्यांनी जिल्ह्याला, जिल्ह्याने गटाला, गटाने सेविकेला. शब्द या उतरंडीतून जसेच्या तसे खाली येतात, हातांचे काम मात्र वाटेत गळते. 'मुलांना पाण्याशी खेळू द्या' हे वाक्य अचूक पोचते, बादली पोचत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्राने 'जादुई पिटारा' नावाची खेळ-साहित्याची पेटी आणली. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ती चांगली आहे. पण हिशेबवहीत नोंद झालेली पेटी हरवली तर आपल्याला जाब द्यावा लागेल, या धास्तीने ती कपाटात बंद राहिली, तर चिंचोके बरे. चिंचोक्यांची नोंद कुणी ठेवत नाही.

शिक्षकाने आधी स्वतः प्रयोग करावा, हे तत्त्व आपल्याकडे नंतरही सिद्ध झालेले आहे. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात उच्च प्राथमिक शाळेचे शिक्षक शिबिरात विद्यार्थी होऊन बसत आणि पुस्तकातला प्रत्येक प्रयोग स्वतः करत. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून शेकडो शिक्षकांच्या हातांना चाळा लावला. मुंबईत वरळीला २००३ पासून मुक्तांगण ही दुसरी संस्था वस्तीतल्याच बायकांना दीर्घ प्रशिक्षण देऊन महापालिकेच्या शाळांत शिक्षिका म्हणून उभे करते. या साऱ्यांत वेळ दिलेला आहे.

संघाच्या परंपरेबद्दल एक गोष्ट शताब्दीच्या निमित्ताने स्पष्ट बोललेली बरी. सेवाभावाचे आपण फार कौतुक केले. ताराबाईंनी पगार सोडला, अनुताईंनी आयुष्य दिले, हे थोरच. पण त्यामुळे लहान मुलांना शिकवणे म्हणजे सेवा आणि सेवेला द्यायचे ते मानधन, अशी सोयीची समजूत समाजाने आणि सरकारने करून घेतली. आज सेविकेच्या हातात मोबाइल आहे, त्यात पोषणाच्या नोंदी भरायच्या आहेत, वजने घ्यायची आहेत, गृहभेटी आहेत, सर्वेक्षणे आहेत. पगार म्हणावा असे काही नाही. तिने वालाचे मोड पाहत मुलांबरोबर चार-सहा दिवस उत्सुकतेने थांबावे ही अपेक्षा ठेवणाऱ्यांनी आधी तिचा वेळ मोकळा करून द्यायला हवा.

म्हणून ही स्मरणिका हातात घेणाऱ्यांना एक विनंती. कोसबाडच्या टेकडीवर जाऊन या, तसबिरींना नमस्कार करा, हे तर आहेच. पण शताब्दीसाठी देणगी द्यायची असेल तर ती कमान, सभागृह किंवा पुतळा यांना देऊ नका. आपल्या गावातल्या किंवा वॉर्डातल्या अंगणवाडीच्या ताईंना दर महिन्याला दोन दिवस, सलग वर्षभर, हातांनी काम करत शिकता येईल एवढ्यासाठी द्या: त्यांचा प्रवासखर्च, बुडालेल्या दिवसांची भरपाई, आणि त्यांना शिकवणाऱ्या अनुभवी शिक्षिकेचे रीतसर वेतन. आणि अंगणवाडीत गेलात, फरशीवर पाणी सांडलेले दिसले, तर ताईंना त्याबद्दल बोलू नका.